गोळी जाते तिथून आवाजही जातो

माझ्या हार्ड डिस्कवर अडीच सेकंदांची एक साउंड फाईल आहे. बरीच वर्षं झाली तिला, कुठल्या कामात वापरलेली नाही, वापरता येण्यासारखीही नाही, पण दर वेळी जुना पसारा साफ करायला बसलो की तेवढी एक राहू देतो. उघडली की स्क्रीनवर एक उभा सुळका दिसतो आणि त्या सुळक्याचं डोकं सुरीने कापल्यासारखं सपाट आहे. आमच्याकडे याला क्लिप होणं म्हणतात, म्हणजे माईकला आणि रेकॉर्डरला जेवढं झेपतं त्याच्या वर आवाज गेला. आणि हा आवाज सायलेन्सर लावलेल्या रायफलचा आहे.

मी आवाजाचं काम करतो. पडद्यावर दार लागलं तर दाराचा, कुणी चालत आलं तर पावलांचा, पाऊस पडला तर पत्र्यावरच्या पावसाचा आवाज शोधायचा, नसेल तर बनवायचा आणि जागेवर बसवायचा. त्यामुळे बंदुकाही वाट्याला येतात, आणि सायलेन्सरवाली बंदूक आली की काय करायचं हे ठरलेलंच असायचं. दाबाने सुटलेल्या हवेचा एक आवाज घ्यायचा, त्याची शेपटी कापायची, खाली एक बारीक ठोका द्यायचा, झालं, 'फुस्'. शेजारच्या खोलीतल्या माणसाला पत्ता लागत नाही, कुत्रं भुंकत नाही, खुर्चीतला माणूस नुसती मान टाकतो. हे मी इतक्या वेळा केलंय की मला तोच खरा आवाज वाटायला लागला होता. आता हे लिहिताना बरं वाटत नाही, कारण बाकी कशात फसलो तरी चालेल पण आवाजात फसू नये असं मला मनापासून वाटतं.

मग एकदा, जिथे हे सगळं कायद्याने चालतं अशा ठिकाणच्या नेमबाजीच्या एका रेंजवर, खरे आवाज रेकॉर्ड करायची संधी मिळाली. रेंज बघणारे गृहस्थ फौजेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही सरच म्हणायला लागलो. सरांची एक लकब पहिल्या पाच मिनिटांत लक्षात आली, आपण बोलायला लागलो की ते मान जरा डावीकडे वळवायचे, म्हणजे उजवा कान आपल्यासमोर यायचा. तेव्हा वाटलं सवय असेल. 

एक माईक मी नेमबाजाच्या मागे ठेवला, दुसरा समोर 50 मीटरवर, गोळीच्या वाटेपासून 4 मीटर बाजूला. टार्गेट 100 मीटरवर. रायफल साधी बोल्टवाली, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, तो बोल्ट, प्रत्येक गोळीनंतर हाताने मागे ओढून पुढे ढकलायचा. नळीच्या तोंडाला सप्रेसर, म्हणजे सायलेन्सरच, पाण्याच्या बाटलीएवढा लांब, काळा, बऱ्यापैकी जड. आणि रेकॉर्डरचा गेन, म्हणजे येणारा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, मी माझ्या डोक्यातल्या 'फुस्'च्या हिशोबाने ठेवला. सर वाकून बघून म्हणाले, "एवढा वर?" मी म्हटलं, "सर, सप्रेसर आहे ना." ते काही बोलले नाहीत, स्वतःचे इअरमफ कानांवर चढवले आणि मला खुणेने सांगितलं, तुम्हीही घाला.

तर त्या पहिल्या गोळीची ही फाईल.

नंतर गेन पार खाली आणून दहा-बारा गोळ्या नीट रेकॉर्ड झाल्या, त्या रात्री मी त्या फाईली मोठ्या करून बघत बसलो. तीच बंदूक, तोच सप्रेसर, आणि 50 मीटरवरच्या माईकला एका गोळीत ऐकू आलेले आवाज एक नाही, चार. चाप ओढल्यापासून साधारण 70 मिलिसेकंदांनी पहिला सुळका, सगळ्यात उंच, सगळ्यात टोकदार. त्यानंतर अजून 75-एक मिलिसेकंद जवळजवळ शांतता, आणि मग दुसरा, बसका, पसरट, जाड. मग पाव सेकंदाच्या आसपास टार्गेटवर गोळी बसल्याचा ठप्प. आणि पार शेवटी, दीड-दोन सेकंदांनी, तीन बारीक टोकं एकामागोमाग एक, ती कसली हे बघायला मला झूम करावं लागलं, बोल्ट उघडला, रिकामी पुंगळी बाहेर पडून सिमेंटवर टिण् वाजली, बोल्ट बंद झाला.

सप्रेसर यातल्या फक्त दुसऱ्या आवाजाशी बोलतो. बाकीच्या तिघांना त्याचं अस्तित्वही माहीत नसतं. मला एवढं एक वाक्य कुणीतरी वीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आधी तो दुसरा आवाज बघू, कारण सगळी भानगड तिथून सुरू होते. मोठ्या रायफलच्या काडतुसात साधारण 3 ग्रॅम दारू असते, चमचाभरही नाही. ती पेटली की नळीच्या मागच्या टोकाला हवेच्या दाबाच्या जवळपास 4000 पट दाब तयार होतो, गोळी पुढे ढकलली जाते, आणि गोळी नळीच्या तोंडाशी पोचते तेव्हाही मागे शेकडो पट दाब शिल्लक असतो. गोळी बाहेर पडली की बाटलीचं बूच उडाल्यासारखं होतं, तो सगळा तापलेला वायू एकदम मोकळ्या हवेवर आदळतो. फुगा टाचणीने फोडला तर फट्ट होतं आणि तोंड हलकेच सोडून हवा जाऊ दिली तर नुसता फसफसाट होतो, हवा तीच, तेवढीच, फरक फक्त किती वेळात बाहेर आली याचा. सप्रेसर हेच करतो. आत एकामागे एक पडदे असतात, मधे भोक, वायू पहिल्या कप्प्यात पसरतो, गरगरतो, थोडा गार होतो, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, आणि बाहेर येतो तेव्हा दमलेला असतो. गाडीचा सायलेन्सरही याच जातीचा, म्हणून तर नावही तेच.

पण त्या 3 ग्रॅम दारूचा वायू अगदी थंड झाला धरला तरी दोन-अडीच लिटर भरतो, आणि तो बाहेर पडताना थंड नसतोच, भट्टीतल्यासारखा असतो. त्यासमोर सप्रेसरच्या आतली जागा अर्ध्या लिटरची, कधी त्याहून कमी. म्हणजे तो वायू साठवून ठेवता येत नाही, फक्त खोळंबवता येतो. आणि मधलं भोक बंद करता येत नाही कारण गोळी तिथूनच जायची आहे, शिवाय भोक गोळीपेक्षा किंचित मोठंच ठेवावं लागतं, नाहीतर गोळी पडद्याला घासेल आणि सगळं फुटेल. गोळीला वाट दिली की वायूलाही तीच वाट मिळाली. आणखी एक गंमत मला तिथे कळली, गार सप्रेसरमधून सुटलेली पहिली गोळी पुढच्या गोळ्यांपेक्षा मोठी वाजते. आत आधीची साधी हवा भरलेली असते, त्यातला ऑक्सिजन मिळून न जळलेला वायू आतच भडकतो. दुसऱ्या गोळीला तो ऑक्सिजन उरलेला नसतो. म्हणजे माझी ती क्लिप झालेली फाईल त्या हिशोबानेही वाईट वेळ साधून आलेली होती, पण तिचं डोकं कापलं गेलं ते या आवाजाने नाही, ते पहिल्या सुळक्याने.

पहिला सुळका गोळीचा स्वतःचा आहे. बंदुकीचा त्याच्याशी काही संबंध उरलेला नाही. 20 अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला 343 मीटर जातो, ती गोळी 800 च्या वर जात होती. स्वतःच्या आवाजापेक्षा दुप्पट वेगाने धावणारी वस्तू हवेला बाजूला व्हायला वेळच देत नाही, हवा तिच्या टोकाशी चेपत जाते आणि तिची एक धार तयार होते, बोटीच्या नाकापासून दोन्हीकडे लाटा निघतात तशी, फक्त इथे चारही बाजूंनी, शंकूसारखी. तो शंकू गोळीबरोबर फरफटत जातो आणि ज्याच्या कानावरून जाईल त्याला कड्ड असा आवाज येतो. चाबूक वाजतो तोही असाच, चाबकाचं टोक क्षणभर आवाजाच्या पुढे निघून जातं. माझ्या फाईलमध्ये तो झूम केल्यावर इंग्रजी एन अक्षरासारखा दिसतो, दाब सरळ वर, मग तिरका खाली, नेहमीच्या दाबाच्याही खाली, मग परत सरळ वर, आणि हे सगळं मिलिसेकंदाच्याही आत. इतका रेखीव आवाज मी आयुष्यात दुसरा रेकॉर्ड केलेला नाही.

आणि हा कड्ड नळीपाशी होऊन संपत नाही, हे मला पचायला सगळ्यात जड गेलं. आपण म्हणतो गोळीचा आवाज आला, म्हणजे एका जागी झाला आणि आपल्यापर्यंत आला. हा आवाज गोळीच्या सगळ्या वाटेवर, प्रत्येक पावलाला नवा तयार होत जातो, गोळी आवाजाच्या वेगाखाली येईपर्यंत. नळीच्या तोंडाला काहीही लावा, मोठं लावा, सोन्याचं लावा, नळीतून निघून 50 मीटर पुढे गेलेल्या गोळीला त्याने काय होणार. फौजी लोक या दोन आवाजांमधल्या फटीवरून अंतराचा अंदाज घेतात, आधी कड्ड, मग मागून धप्प, मधला वेळ जितका जास्त तितका गोळी झाडणारा लांब. सर म्हणाले हे त्यांना पहिल्या वर्षातच शिकवलं होतं. सप्रेसर लावला की तो धप्प इतका बसतो की लांबून ऐकूच येत नाही, उरतो तो कड्ड, आणि तो बंदुकीच्या दिशेने येत नाही, गोळीच्या वाटेवरच्या कुठल्यातरी मधल्याच जागेवरून आल्यासारखा वाटतो. म्हणजे गोळी सुटलीय हे सगळ्यांना कळतं, कुठून सुटलीय हे कळत नाही. खऱ्या जगात सप्रेसरचा मोठा उपयोग हा आहे, आणि हा उपयोग शांततेपेक्षा फार वेगळा आहे.

या दोन आवाजांचं कोडं माणसांना दीडशे वर्षांपूर्वी पडलं होतं. फ्रेंचांच्या शासपो रायफलची गोळी जवळून गेली की दोन धमाके ऐकू यायचे, एकच गोळी आणि धमाके दोन. 1880 च्या दशकात एर्न्स्ट माख नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने याचा पिच्छा पुरवला, त्याच्या सांगण्यावरून पीटर साल्खर याने 1886 मध्ये उडत्या गोळीचे फोटो काढले, आणि फोटोत हवेतली ती धार दिसली. 1887 मध्ये दोघांनी ते छापलं. विमानांच्या वेगाला आज आपण माख का म्हणतो तर याच माणसामुळे. माझं काम आवाज ऐकण्याचं, आणि या माणसांनी आवाज बघितला, तोही काचेच्या प्लेटवर, विजेच्या ठिणगीच्या उजेडात. तो फोटो बघितला की मला अजून अंगावर शहारा येतो.

मग उपाय काय, तर गोळीच आवाजाच्या वेगाखाली ठेवायची. सबसॉनिक काडतूस. दुसऱ्या दिवशी सरांनी ती आणली आणि मला खरंच वेगळं काहीतरी ऐकायला मिळालं. गोळी सेकंदाला 300 मीटरच्या आसपास, त्यामुळे कड्ड पूर्णच गायब. 50 मीटरवरच्या माईकमध्ये आधी बंदुकीचा दबलेला आवाज येतो आणि त्याच्या मागून, 20 मिलिसेकंदांनी, गोळी येते. आवाज पुढे, गोळी मागे. गोळी जाताना एक बारीक स्स्स सोडून जाते, कापड फाडल्यासारखा नाही, त्याहून मऊ. आणि मग टार्गेटवरचा ठप्प, जो आधीच्या दिवशी गर्दीत हरवला होता, तो आता चांगलाच दणदणीत. सगळ्यात जास्त वाजलं काय तर गोळी बसली ते. मागच्या माईकमध्ये तर त्याहून मजेशीर, तिथे बोल्टची खडखड गोळीच्या आवाजाच्या जवळपास जाऊन पोचली.

पण याची किंमत बघा. तेवढ्याच वजनाची गोळी 850 ऐवजी 300 ने सोडली तर तिची ताकद आठवा हिस्सा राहते, कारण ताकद वेगाच्या वर्गाने बदलते. म्हणून शिकारी लोक, नॉर्वेसारख्या देशात जिथे सप्रेसर सर्रास लावतात तिथलेही, बहुतेक वेळा साधी सुपरसॉनिक गोळीच वापरतात, जनावर अर्धवट जखमी होऊन पळू नये म्हणून, आणि कड्ड तसाच राहतो. काही काडतुसं तर काठावरची असतात. 20 अंशांना आवाज 343 ने जातो पण शून्य अंशाला 331 नेच, म्हणजे उन्हाळ्यात गप्प जाणारी गोळी कडाक्याच्या थंडीत कड्ड करू शकते. तीच बंदूक, तीच गोळी, नुसती हवा बदलली.

इतकं सगळं कळल्यावर मला वाटलं की कुणीतरी कधीतरी पूर्ण शांत बंदूक करायचा प्रयत्न केलाच असेल, आणि केलाय, चांगल्या चांगल्या डोक्यांनी केलाय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी वेलरॉड नावाचं पिस्तूल बनवलं, 1942 च्या सुमारास, हेरांसाठी. त्यात पडद्यांबरोबर रबराच्या चकत्या होत्या, गोळी रबर चिरून जाई आणि रबर परत मिटे, म्हणजे भोक बंद ठेवायचाच प्रयत्न. पण दहा-पंधरा गोळ्यांत रबर झिजायचं आणि आवाज परत वाढायचा. शिवाय ते पिस्तूल आपोआप भरत नसे, मागची मूठ फिरवून हाताने भरावं लागे, कारण आपोआप मागेपुढे होणारं लोखंड स्वतःच वाजतं आणि मागच्या फटीतून वायूही सोडतं. त्याच काळातली डी लाइल कार्बाइन, 0.45 इंचाची जाडी संथ गोळी, नळीभर सप्रेसर, आणि तिच्याबद्दल आजही हेच सांगितलं जातं की गोळी झाडल्यापेक्षा पुढची गोळी भरताना बोल्टचा आवाज जास्त व्हायचा. रिव्हॉल्व्हरला तर सप्रेसर लावून काही फायदाच नाही, फिरत्या चक्रीत आणि नळीत फट असते, वायू तिथूनच निसटतो. रशियन नागांत रिव्हॉल्व्हर, 1895 चं, तेवढं अपवाद, त्यात घोडा चढला की चक्री पुढे सरकून नळीला चिकटते आणि काडतुसाचं तोंड ती फट बुजवतं.

आणि सगळ्यात टोकाला सोव्हिएत पीएसएस पिस्तूल. त्यात सप्रेसरच नाही. काडतुसाच्या आतच एक छोटा दट्ट्या, दारू पेटली की दट्ट्या गोळीला ढकलतो आणि काडतुसाच्या तोंडाशी अडकून बसतो, सगळा वायू आतच कोंडला जातो. म्हणजे धमाका बाहेर येतच नाही, गोळी आवाजापेक्षा संथ, कड्डही नाही. आवाजाच्या दोन्ही मोठ्या कारणांचा मुळापासून बंदोबस्त केलाय. आणि तरीही ते वाजतं. दट्ट्या आदळतो, वरचा भाग मागे जाऊन परत पुढे येतो, लोखंडावर लोखंड. इतका विचार केलेल्या यंत्राला शेवटी आपल्याच सांध्यांनी बोलतं केलं. मला या गोष्टीबद्दल का कोण जाणे फार आदर वाटतो.

सप्रेसरचा शोध ज्याच्या नावावर आहे त्याची गोष्ट मला त्याच सुमारास कळली आणि ती डोक्यातून जात नाही. हायरम पर्सी मॅक्सिम, अमेरिकन, याला 1909 मध्ये पेटंट मिळालं आणि त्याने तो मॅक्सिम सायलेन्सर या नावाने विकला, म्हणजे सायलेन्सर हे विकण्यासाठी दिलेलं नाव. बाथटबमधलं पाणी गरगरत खाली जाताना बघून त्याला कल्पना सुचली असं सांगतात. त्याच तत्त्वावर त्याने इंजिनांसाठीही सायलेन्सर केले. आणि त्याचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम, म्हणजे 1880 च्या दशकात मॅक्सिम मशीनगन बनवणारे तेच. आयुष्यभर स्वतःच्याच बंदुकांशेजारी उभं राहून वडिलांची श्रवणशक्ती गेली होती. मुलाने हा शोध वडिलांसाठी लावला असं म्हणायला आधार नाही, त्याला स्वतःला कुणाला त्रास न देता नेमबाजी करायची होती एवढंच तो सांगायचा, आणि तसंही वडील तो लहान असतानाच घर सोडून इंग्लंडला गेले होते. पण एका घरात बापाने ते यंत्र करावं आणि मुलाने हे, यापुढे मला काही सुचत नाही.

त्या नावाने मात्र घात केला. सायलेन्सर म्हटलं की माणसाला वाटतं आवाज गेला. जरा आकडे बघा. रायफलचा धमाका साधारण 165 डेसिबलपर्यंत जातो, चांगला सप्रेसर त्यातले 30 कमी करतो, राहिले 135. डेसिबलचं गणित सरळ नसतं, 30 डेसिबल कमी म्हणजे आवाजाची ऊर्जा हजारावा हिस्सा झाली, दाब तिसावा हिस्सा झाला, आणि कानाला मात्र तो साधारण आठव्या हिस्स्याएवढा वाटतो. तिन्ही आकडे खरे. विकणारा पहिला सांगतो, कान तिसरा सांगतो. आणि अशा एकदम येणाऱ्या आवाजासाठी धोक्याची रेघ 140 मानली जाते, म्हणजे 135 हे त्या रेघेच्या जेमतेम खाली, तेही नळीच्या आवाजापुरतं, आखूड नळीला तर तेवढंही नाही.

त्याहून वाईट म्हणजे आपला कान इतका कमी वेळ टिकणाऱ्या आवाजाला नीट मोजतच नाही. आवाज किती मोठा आहे हे ठरवायला त्याला शंभर-दोनशे मिलिसेकंद लागतात, आणि गोळीचा मुख्य दणका संपतो दोन-चार मिलिसेकंदांत. त्यामुळे तो असतो त्यापेक्षा बारका वाटतो. वाटतो बारका, पण आत कानात आवाज टिपणाऱ्या ज्या केसपेशी आहेत, एका कानात जेमतेम पंधरा-सोळा हजार, त्यांना तो पूर्ण बसतो. आणि त्या पेशी माणसात परत उगवत नाहीत.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी कानातून कळलं. पहिल्या दिवशी, सहावी-सातवी गोळी असेल, मी विचार केला की खरं कसं वाटतं ते उघड्या कानाने एकदा तरी ऐकावं, कामासाठीच, आणि डावा इअरमफ वर उचलला. कड्ड झालं. वाटलं, अरे, एवढं काही नाही. सरांनी बोल्ट उघडला, मॅगझीन काढलं, रायफल खाली ठेवली, उठून माझ्यापाशी आले आणि काही न बोलता तो इअरमफ स्वतःच्या हाताने माझ्या कानावर परत बसवला, दाबून. त्यांचा हात थोडा थरथरत होता, रागाने असेल. त्या रात्री फाईली बघत बसलो होतो तेव्हा खोलीत पंखाही बंद होता आणि माझ्या डाव्या कानात एकच सूर सुरू होता, बारीक, उंच, टीव्ही जुना असताना यायचा तसा. पहाटेपर्यंत होता. मी झोपलो नाही, कान देऊन बसलो, तो जातो का बघत. मी कानावर पोट भरणारा माणूस आहे, त्या रात्री मला जी भीती वाटली तशी आधी कधी वाटली नव्हती. सकाळी गेला. माझा गेला.

तेव्हापासून सायलेन्सरचं काम आलं की मी आधी सांगतो, फुस् करणार नाही. काही जण ऐकतात, काही जण म्हणतात खरा आवाज खोटा वाटतोय, लोकांना सवय नाही. मी मग माझ्या फाईली ऐकवतो, भांडतो, कधी हरतो. पण मला हे नुसतं हौसेचं वाटत नाही. तो फुस् ऐकून मोठा झालेला कुणीतरी कधीतरी रेंजवर उभा राहणार आहे आणि सप्रेसर आहे म्हणून कान उघडे ठेवणार आहे, जसे मी ठेवले.

शेवटच्या दिवशी सामान आवरताना मी सरांना म्हटलं, ऐकता का काय काय आलंय. त्यांना आवडलं असावं, स्टूल ओढून बसले. मी सबसॉनिकची सगळ्यात स्वच्छ आलेली फाईल लावली, मागच्या माईकची, आणि हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवले. सवयीने त्यांनी मान डावीकडे वळवली, हेडफोन असूनही. उजव्या हाताने रायफल चालवणाऱ्याचा डावा कान नळीकडे असतो, उजवा डोक्याच्या आडोशाला, त्यामुळे डावा आधी जातो. त्यांच्या वेळी कानात कापूस घालायचे, तोही सगळे घालायचे नाहीत.

फाईल संपली. म्हणाले, "छान. गोळी आली, टार्गेट आलं." मग स्क्रीनकडे बोट केलं, शेवटची ती तीन टोकं होती तिथे. "हे काय आहे? इथे तर काहीच नाहीये."

मी म्हटलं, "बोल्ट आहे सर. तुमचाच."

त्यांनी परत लावायला सांगितलं. मी आवाज वाढवून परत लावला. मला हेडफोनच्या बाहेरही ऐकू येत होतं, खट्, टिण्, खट्. ते स्क्रीनकडे बघत राहिले, रेघ त्या तीन टोकांवरून सरकून गेली. मग त्यांनी हेडफोन काढले, शेजारची मोकळी रायफल उचलली, बोल्ट वर केला, मागे ओढला, पुढे ढकलला, खाली दाबला, अगदी सावकाश.

"मला हा हातात कळतो," म्हणाले.